बाळासाठी कार कॅप्सूल : भाड्याने घ्यावी की विकत?



आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत सध्या नातवंडांचे दिवस आहेत. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी भालकीला, बसवकल्याणला किंवा आळंदला येते. जावईबापू पुण्यात, हैदराबादेत नाहीतर बेंगळूरुत नोकरीला असतात. दोन-तीन महिन्यांनी बाळ-बाळंतीण गाडीने सासरी निघतात. अशा वेळी मुले फोनवर सांगतात, "बाबा, बाळासाठी कार कॅप्सूल लागेल." घरातल्या मोठ्यांपुढे मग प्रश्न उभे राहतात. थोड्या दिवसांच्या वापरासाठी एवढा खर्च कशाला? भाड्याने मिळत नाही का? शेजारच्या घरातली जुनी आणली तर?

बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही तीन गोष्टी आधी पाहत असू : पैसा कशासाठी हवा, किती मुदतीसाठी हवा आणि तारण काय. कॅप्सूलचा निर्णयही याच तीन प्रश्नांनी सुटतो. म्हणून त्याच क्रमाने मांडतो.

कॅप्सूल म्हणजे काय?

कॅप्सूल म्हणजे अगदी लहान बाळासाठी केलेली, खोल टोपलीसारखी कार सीट. बाहेरून कडक प्लास्टिकचे कवच, आत धक्का शोषणारा फोमचा थर आणि बाळाला धरून ठेवणारा पट्टा. वर बहुधा उचलायची मूठ असते, त्यामुळे झोपलेले बाळ सीटसकट गाडीतून बाहेर काढता येते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तिला बेबी कॅप्सूल म्हणतात आणि तिथे ती भाड्याने घेण्याची पद्धत जुनी आहे. आपल्याकडे दुकानात 'इन्फंट कार सीट' म्हणून मागावी लागते.

ती गाडीत उलटी बसवतात, म्हणजे बाळाचे तोंड मागच्या काचेकडे येते. ही कल्पना स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांची. अंतराळवीर यानात पाठीवर जोर घेऊन बसतात हे पाहून त्यांनी १९६४ साली लहान मुलांसाठी उलट्या तोंडाची सीट तयार केली. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते आणि मान अगदी कोवळी असते. तोंड पुढे असेल तर जोराच्या धक्क्यात जड डोके पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. उलटे बसवले की तोच धक्का पाठ, मान आणि डोके यांवर मिळून सारखा वाटला जातो.

एक गल्लत टाळावी. बाजारात कॅरी कॉट, झोपाळा आणि कार सीट दिसायला सारख्याच असतात. बाळाला या खोलीतून त्या खोलीत न्यायची टोपली ही कार सीट नव्हे. सीटवर सुरक्षा प्रमाणाचा शिक्का असेल तरच ती गाडीसाठी आहे. शिक्क्याविषयी पुढे सांगतो.

पहिला प्रश्न : कशासाठी?

"आम्ही चार लेकरं मांडीवरच घेऊन फिरलो, काही झालं नाही," हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. त्या काळी आपण बहुधा एसटीने, रेल्वेने किंवा बैलगाडीने फिरत होतो. आता हुमनाबादच्या पुढे महामार्गाला लागले की गाडी ऐंशी-नव्वदच्या वेगाने धावते. म्हणून मांडीचे गणित एकदा करून पाहू.

गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि समोरच्या ट्रॅक्टरवर आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, असे धरा. ५ किलो वजनाच्या बाळाला त्या क्षणी हातात धरून ठेवायला जो जोर लागेल, तो सुमारे ७० किलो वजन पेलण्याइतका असतो. तुरीचे भरलेले पोते कोणी अचानक अंगावर फेकले तर ते दोन हातांत झेलता येईल का? वेग दुप्पट आणि थांबायला वेळ तेवढाच, तर हा जोरही दुप्पट. आईच्या मायेत कमी नसते, पण हाताच्या ताकदीला मर्यादा आहे. शिवाय आईने स्वतः पट्टा लावला नसेल तर तिचे वजनही बाळावरच येते. एकच पट्टा आई आणि बाळ दोघांवरून घेतला तर बाळ आई आणि पट्टा यांच्यामध्ये चिरडते.

मांडीचा हा प्रश्न दुसरीकडेही येऊन गेला आहे. अमेरिकेत मुलांच्या कार सीटचा कायदा सर्वांत आधी टेनेसी राज्याने १९७७ मध्ये केला आणि तो १९७८ पासून लागू झाला. डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांनी त्यासाठी खटपट केली होती. पण कायदा मंजूर होताना मोठ्या माणसाने मांडीवर घेतलेले मूल चालेल, अशी सूट त्यात घातली गेली. तीच सूट मुलांच्या जिवावर उठते हे डॉक्टरांनी लावून धरले आणि १९८१ मध्ये ती काढली गेली. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या हिशेबाप्रमाणे मोटारगाडीत एक वर्षाखालच्या बाळाचा मृत्यूचा धोका कार सीटमुळे ७१ टक्क्यांनी कमी होतो.

आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १९४ बी आले. चौदा वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्टा किंवा मुलांसाठीची सीट नसेल तर गाडी चालवणाऱ्याला आणि तशी चालवू देणाऱ्याला १,००० रुपये दंड आहे. दंड वाचवण्यासाठी कोणी कॅप्सूल घ्यावी असे मी म्हणणार नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, ही सरकारी नोंद आहे. कारण म्हणून तेवढी पुरे.

दुसरा प्रश्न : किती मुदतीसाठी?

भाडे की खरेदी याचे खरे उत्तर इथे आहे. कॅप्सूलची मुदत थोडी असते. नेहमीच्या कॅप्सूल १३ किलो वजनापर्यंत चालतात, पण वजन तिथवर जाण्याआधीच बाळाचे डोके सीटच्या वरच्या कडेला पोचते. ढोबळमानाने पहिले वर्ष धरावे, अंगाने मोठ्या बाळासाठी त्याहूनही कमी.

त्या वर्षात बाळ गाडीत किती वेळा बसणार, याचे अंदाजपत्रक कागदावर मांडा. आपल्या भागातले प्रवास साधारण असे असतात :

१. दवाखान्यातून घरी. हा सर्वांत पहिला प्रवास, जन्मानंतर दोन ते पाच दिवसांत.

२. लसीकरण. ६, १० आणि १४ आठवड्यांना, पुढे ९ महिन्यांना.

३. माहेराहून सासरी. हा बहुधा सर्वांत लांबचा.

४. कुलदैवताचे दर्शन आणि जावळ. कोणी तुळजापूरला जाते, कोणी मैलारला, कोणी गाणगापूरला.

५. सणवार आणि लग्नकार्ये.

आपल्या भागात तिसऱ्या आणि पाचव्या प्रवासाचे अंतर वाढते, त्याला इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुना बिदर जिल्हा वाटला गेला. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले, तर उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. राज्ये वेगळी झाली, सोयरिकी मात्र तशाच राहिल्या. आजही औरादची लेक उदगीरला आणि निलंग्याची लेक भालकीला नांदते. आता पुढची पिढी पुण्या-हैदराबादेला गेल्याने त्यात आणखी अंतराची भर पडली. बिदरहून पुणे चारशे किलोमीटरहून अधिक आहे.

आता आपल्या रीतीतली एक अडचण. बाळंतविडा बारशाला येतो. पाळणा, कपडे, वाळे, खेळणी सगळे तेव्हाच. दवाखान्यातून घरी येण्याचा पहिला प्रवास तोवर होऊन गेलेला असतो. दुसरीकडे, बाळ जन्मण्याआधी त्याची वस्तू विकत आणू नये, असे अनेक घरांत मानतात. घरातल्या मोठ्यांशी यावर वाद घालण्याचे कारण नाही. भाड्याची किंवा नात्यातून मागून आणलेली कॅप्सूल ही विकतची वस्तू नसते. आपण नवजात बाळाला आधी दुसऱ्या लेकराचे जुने, मऊ कपडे घालतोच की. तेव्हा पहिल्या महिन्या-दोन महिन्यांसाठी भाड्याची आणि पुढची विकतची सीट बाळंतविड्यात, असाही मार्ग निघतो. बारशाला काय आणू, असे विचारणाऱ्या मामा-मावशीला चांदीची तिसरी वाटी आणण्यापेक्षा या सीटमध्ये भर घालायला सांगता येते.

ज्यांचा प्रवास बस किंवा रेल्वेने होणार आहे त्यांनी कॅप्सूलच्या खरेदीत पडू नये. बसच्या बाकाला पट्टा नसतो, तिथे ती बांधता येत नाही. रिक्षा आणि टमटममध्येही तेच. बिदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ पासून सुरू आहे. तान्ह्या बाळाला घेऊन जाताना रेल्वेचा विचार जरूर करावा.

आता गणित

खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. आपल्याला मिळालेले भाव त्या जागी घाला. पद्धत तीच राहील.

समजा नव्या कॅप्सूलची किंमत ७,००० रुपये. वर्षाने ती २,५०० रुपयांना गेली, तर खरा खर्च ४,५०० रुपये. भाड्याचा दर महिना १,२०० रुपये आणि आणणे-पोचवणे ६०० रुपये धरू. तीन महिन्यांचे भाडे ४,२०० होते, चार महिन्यांचे ५,४०० होते. म्हणजे गरज तीन महिन्यांपर्यंत असेल तर भाडे स्वस्त, चौथ्या महिन्यापासून खरेदी स्वस्त. जुनी विकायची नसेल तर पूर्ण ७,००० रुपये खर्ची धरा. मग भाडे पाच महिन्यांपर्यंत परवडते.

यात एक गोष्ट लोक विसरतात. डॉक्टरांनी दिलेली तारीख हा अंदाज असतो. बाळ दोन-तीन आठवडे आधीही येते. म्हणून कॅप्सूल नववा महिना लागताच हातात हवी. हे वाट पाहण्याचे भाडेही हिशेबात धरा. एका महिन्याची गरज म्हणता म्हणता ती दोन महिन्यांची होते.

तिसरा पर्याय म्हणजे जन्मापासून साधारण चार वर्षांपर्यंत, १८ किलोपर्यंत चालणारी सीट. ती आधी उलटी आणि पुढे सरळ बसवतात. ती १४,००० रुपयांना धरली तर ४८ महिन्यांत महिना सुमारे २९२ रुपये पडतात. उलट आधी ७,००० ची कॅप्सूल, ती २,५०० ला विकली आणि मग ९,००० ची मोठी सीट घेतली, तर १३,५०० होतात, महिना सुमारे २८१ रुपये. फरक दहा-अकरा रुपयांचा. तेव्हा इथे पैशापेक्षा सोय पाहावी. मोठी सीट गाडीतच बसून राहते, बाळासकट उचलता येत नाही. काही मोठ्या सीटमध्ये अडीच-तीन किलोचे बाळ नीट मावत नाही, डोके एका बाजूला कलते. घेण्याआधी किमान वजन किती लिहिले आहे आणि नवजात बाळासाठी आतली लहान गादी सोबत आहे का, ते पाहा.

भाड्याने घेताना अनामत रकमेची पावती घ्या. किती दिवसांत परत, कव्हरला डाग पडला तर किती कापणार, उशीर झाला तर दर काय, हे आधी लिहून घ्या. पुणे, मुंबई, बेंगळूरु, हैदराबाद अशा शहरांत बाळाच्या वस्तू भाड्याने देणारे आहेत. आपल्या गावापर्यंत पोचवतात का, ते आधी विचारा. नाहीतर शहरातून येणाऱ्या जावईबापूंनी ती बारशाला न आणता एखाद्या आधीच्या खेपेतच आणून ठेवावी.

तिसरा प्रश्न : तारण काय?

पाळणा आजोबांचा असला तरी चालतो. सागवानी पाळण्यात तीन पिढ्या वाढतात आणि त्याचा घराला अभिमानही असतो. कॅप्सूलचे तसे नाही. तिचे प्लास्टिक ऊन आणि उष्णतेने ठिसूळ होत जाते. एकदा मोठ्या अपघाताचा धक्का खाल्ला की आतल्या भेगा डोळ्यांना दिसत नाहीत, पण पुढच्या वेळी कवच दगा देते. म्हणून जुन्या किंवा भाड्याच्या सीटचे खरे तारण म्हणजे तिचा पूर्वेतिहास. तो माहीत नसेल तर स्वस्तातली सीटसुद्धा महाग आहे.

भाड्याची, मागून आणलेली किंवा जुनी विकत घेतलेली, कोणतीही असो, हे पाच प्रश्न विचारा :

१. ही सीट कधी अपघातात सापडली आहे का? स्पष्ट 'नाही' असे उत्तर मिळाले नाही तर घेऊ नका.

२. तिची मुदत कधी संपते? चेकवरची तारीख पाहतो तशी ही तारीख पाहा. चेकची मुदत तीन महिने असते, सीटची बहुधा सहा ते दहा वर्षे. निर्मितीची तारीख तळाशी किंवा पाठीमागे प्लास्टिकवरच उमटवलेली असते.

३. प्रमाणाचा शिक्का आहे का? आपल्याकडे एआयएस ०७२ हे प्रमाण आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाणे म्हणजे आर ४४/०४ आणि नवे आर १२९. गोल वर्तुळात इंग्रजी 'ई' अक्षर आणि शेजारी अंक असे लेबल शोधा. लेबल फाटले किंवा उपटले असेल तर ती सीट नाकारा.

४. पट्टे, कुलूप, गादी सगळे मूळचेच आहे का? शिवून घेतलेला किंवा गाठ मारलेला पट्टा चालत नाही.

५. माहितीपुस्तिका आहे का? नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून छापून घ्या.

आता परदेशातल्या मुलांविषयी. अमेरिकेतून येताना मुले तिथली सीट घेऊन येतात. तिथल्या गाड्यांच्या पट्ट्याला सीट जखडून धरण्याची सोय असते, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या पट्ट्याला ती नसते. सीटमध्येच पट्टा जखडणारी पकड असेल तरच ती इथे नीट बसते. उलट, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मुलांसाठी इथून सीट घेऊन जाऊ नका. तिथे त्यांच्याच प्रमाणाची सीट लागते, बाहेरची चालत नाही. सहा महिन्यांखालचे बाळ तिथे उलट्या तोंडाच्या सीटमध्येच बसवावे लागते. अशा घरांनी पाहुणे म्हणून येणाऱ्या नातवंडासाठी इथे भाड्याची सीट पाहावी. पंधरा-वीस दिवसांच्या मुक्कामासाठी खरेदीचे गणित बसतच नाही.

आपल्या गाडीत ती बसते का?

भाडे किंवा किंमत देण्याआधी आपल्याच गाडीत सीट बसवून पाहा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत आयसोफिक्सची सोय असते. मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत हात घातला की एकमेकांपासून २८ सेंटिमीटरवर दोन लोखंडी कड्या लागतात, त्या याच. बऱ्याच कॅप्सूल मात्र गाडीच्या तीन टोकांच्या पट्ट्याने बांधतात. जुन्या लहान गाड्यांत हा पट्टा कधी कधी पुरेसा लांब नसतो आणि कॅप्सूलला वळसा घालून कुलपापर्यंत पोचत नाही. हे दुकानाच्या दारातच कळलेले बरे.

पुढच्या सीटवर उलटी कॅप्सूल कधीही ठेवू नये. एअरबॅग फुगली तर ती थेट कॅप्सूलच्या पाठीवर आदळते आणि तो आघात प्राणघातक ठरतो. जागा मागच्या सीटवरचीच. जीप, क्रुझर किंवा बोलेरोच्या मागच्या आडव्या बाकांवरही ती बसवू नये.

बसवल्यावर पट्टा गेला आहे तिथे धरून सीट हलवून पाहा. एक इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळा. नवजात बाळाला ती मागे कललेली हवी, म्हणजे हनुवटी छातीवर टेकत नाही आणि श्वास मोकळा राहतो. कमी वजनाच्या किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळासाठी आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच निर्णय घ्या.

वापरताना

हा भाग मोठ्या बायकांनी मुद्दाम वाचावा, कारण बाळाला तयार करणे त्यांच्याच हातात असते. कुंची घालून, दुपट्यात घट्ट गुंडाळलेले बाळ कॅप्सूलमध्ये ठेवले की पट्टा वरून आवळल्यासारखा वाटतो, पण आत कापडाचीच जाडी असते. धक्क्यात कापड दबते, पट्टा सैल पडतो आणि बाळ निसटते. म्हणून आधी साधे झबले आणि पायजमा, मग पट्टा, आणि दुपटे सर्वांत वरून पांघरायचे. पाठीखाली घरची गोधडी किंवा उशी घालायची नाही. पट्टा खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघालेला असावा आणि खांद्यापाशी चिमटीत धरता येणार नाही इतका बसता असावा. गळ्यातला दोरा किंवा गोफ प्रवासापुरता काढून ठेवा.

कॅप्सूल हा पाळणा नाही. घरी पोचल्यावर झोपलेले बाळ तिच्यातच राहू देऊ नये, पाळण्यात किंवा अंथरुणावर पाठीवर निजवावे. प्रवासातही सलग दोन तासांपेक्षा जास्त नको. पहिल्या काही आठवड्यांत तर अर्ध्या तासाने थांबलेले बरे. दूध पाजायचे झाल्यास गाडी थांबवून पाजावे. बिदरहून पुण्याला एका दमात जाणे तान्ह्या बाळासाठी योग्य नाही. सोलापूरला नातलगांकडे मुक्काम करावा आणि तेवढाच व्याही-विहीणबाईंना दोन दिवस आधी निरोप द्यावा.

आपला उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. कलबुर्गीला पारा चाळिशीच्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीतले पट्ट्याचे कुलूप चटका देण्याइतके तापते. बाळाला बसवण्याआधी हात लावून पाहा. आणि बाळाला बंद गाडीत दोन मिनिटेही एकटे सोडू नका.

तर निर्णय काय?

घरी गाडी नाही, दवाखाना ते घर आणि एकदा सासरी एवढाच गाडीचा प्रवास : भाड्याने घ्या, किंवा खात्रीच्या नात्यातून मागून आणा.

घरची गाडी आहे, महिन्यात दोन-चार वेळा बाहेर पडणे होते : विकत घ्या. नवजात बाळ नीट मावत असेल तर चार वर्षे चालणारी, नाहीतर आधी कॅप्सूल आणि मग मोठी सीट.

माहेरी आणि सासरी दोन्हीकडे गाड्या आहेत : बाळ जिथे जास्त राहणार तिथे विकतची, दुसरीकडे थोड्या दिवसांची भाड्याची.

नातवंड परदेशातून पाहुणे येणार : भाड्याची.

कुठलाच पर्याय वेळेत जमत नसेल, तर लांबचा प्रवास पुढे ढकला किंवा रेल्वेने करा. भाड्याची नाही आणि विकतचीही नाही म्हणून मांडीवर, असे होऊ देऊ नका.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपल्याकडे लग्नकार्याची मोठी पातेली, परात, झारे देवळातून किंवा पंचमंडळींकडून वहीत नोंद करून नेण्याची आणि घासूनपुसून परत करण्याची रीत आहे. त्याच धर्तीवर मंडळाने दोन नव्या, शिक्क्याच्या कॅप्सूल घ्याव्यात. एक बिदरकडे, एक कलबुर्गीकडे ठेवावी. नोंदवहीत नाव, नेल्याची आणि परत केल्याची तारीख, अनामत आणि देखभालीपुरते नाममात्र भाडे लिहावे. परत करताना सभासदाने 'सीट अपघातात सापडली नाही' असे सहीनिशी लिहून द्यावे. अपघातातली किंवा मुदत संपलेली सीट पट्टे कापून मोडीत काढावी, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार नाही.

१४,००० रुपयांच्या या खर्चातून वर्षाला आठ-दहा घरांची सोय झाली तर एका घरामागे खर्च किती पडतो, ते आपणच काढून पाहा. शिवाय सीटचा पूर्वेतिहास आपल्याच वहीत राहील. बाजारातल्या भाड्याच्या सीटला हे तारण मिळत नाही. येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे. तोवर ज्यांच्या घरी सातवा-आठवा महिना चालू आहे, त्यांनी या आठवड्यात आपल्या गाडीच्या मागच्या पट्ट्याची लांबी आणि आयसोफिक्सच्या कड्या तेवढ्या पाहून ठेवाव्यात.